तीन नंबरच्या टाकीतली निवळी

१

आमोद वैद्यचा मृतदेह सोमवारी सकाळी तीन नंबरच्या टाकीत सापडला आणि दुपारपर्यंत सगळं हडपसर एकच वाक्य बोलायला लागलं : दारू गाळणारा दारूतच बुडाला.

वाक्य ऐकायला बरं होतं, पण खरं नव्हतं. टाकीत दारू नव्हती, निवळी होती. पनीर काढल्यावर जे हिरवट-पिवळं पाणी मागे उरतं ते. बहुतेक डेअऱ्या ते गटारात सोडून देतात. आमोदला त्या पाण्यातली साखर दिसली. त्याने ती आंबवून, गाळून व्होडका करायची ठरवली, एक्साईजचे उंबरठे झिजवून परवाना मिळवला आणि मच्छिंद्र कामठ्यांच्या जागेतली पत्र्याची शेड भाड्याने घेतली. शहरातल्या काही हॉटेलांतून त्याच्या बाटल्या दिसायला लागल्या होत्या. लोकांनी नावं ठेवणं जवळजवळ थांबवलं होतं, तेवढ्यात हे झालं.

पोलिसांनी अपघाताची नोंद केली. निवळी आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून टाकीतच साचून राहतो. रविवारी संध्याकाळी आमोदने झाकण उघडून आत वाकून पाहिलं, त्याला घेरी आली, डोकं पोलादी कडेवर आपटलं आणि तो आत पडला. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. राहिला प्रश्न हलगर्जीपणाचा. वायू बाहेर ओढणारा पंखा बंद होता, आणि पंखा, झाकण, कुलूप ही सगळी जबाबदारी कागदोपत्री वैष्णवी जाधव या उत्पादन-प्रमुख मुलीची होती. तिच्यावर गुन्हा दाखल व्हायचा होता. विमा कंपनीचा अहवाल तेवढा यायचा बाकी होता.

तो अहवाल द्यायला कंपनीने मंदाकिनी दातारांना पाठवलं. दातारबाई साठीच्या घरात आल्या होत्या. आयुष्यभर त्यांनी जळालेली गोदामं, फुटलेले बॉयलर आणि बुडालेले ट्रक पाहिले होते, आणि त्यांच्याभोवती हात बांधून उभी असलेली माणसं. माणसांवर त्यांचा राग नव्हता. विश्वासही नव्हता.

निघण्याआधी त्या आमोदच्या बायकोला भेटल्या. स्वराली एका महाविद्यालयात शिकवत होती. तिने चहा पुढे केला आणि एवढंच म्हणाली, "विम्याचं काय व्हायचं ते होऊ दे. पण वैष्णवी असं करणारी मुलगी नाही. तुम्हाला तसं वाटलं, तर निदान दोनदा विचार करा."

"मी एकदाच करते," दातारबाई म्हणाल्या, "पण पूर्ण करते."

घटनेला आठवडा झाला होता. मे महिन्याचं ऊन पत्र्यावर तापत होतं. पोलिसांनी सील केलेली टाकी तशीच, निवळीसकट उभी होती. ज्या पाण्यात माणूस मेला ते पाणी आठ दिवस या उन्हात, म्हणून बाईंनी स्कूटर लावतानाच नाकाला रुमाल लावला. इन्स्पेक्टर केदार जगदाळ्यांनी सील काढून झाकण उघडलं. बाई शिडी चढल्या, वाकल्या, क्षणभर थांबल्या आणि त्यांनी रुमाल काढून पर्समध्ये ठेवला.

वास नव्हता. आंबल्याचा नाही, नासल्याचा नाही, कसलाच नाही.

२

वैष्णवी शेडच्या कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत बसली होती. सासवडची मुलगी, मायक्रोबायोलॉजी शिकलेली. आठवडाभर झोपलेली दिसत नव्हती.

"मला या विषयातलं काही कळत नाही असं समजून सांग," दातारबाई म्हणाल्या. "समजायला सोपं जाईल, कारण ते खरंच आहे."

वैष्णवीच्या तोंडावर किंचित हसू आलं आणि गेलं. तिने सांगितलं, ते असं. पावाचं साधं यीस्ट दुधातल्या साखरेला तोंडही लावत नाही. त्यासाठी वेगळ्या जातीचं यीस्ट लागतं. ते निवळीत सोडलं की साखर खातं आणि त्याची दारू करतं, वायू सोडतं. मग ते पाणी भट्टीत तापवायचं, वाफ थंड करायची, दोन-तीनदा गाळायची.

"शनिवारी टाकी कोणी भरली?"

"मीच. नाईकरे डेअरीचा टँकर दुपारी आला. निवळी भरली, संध्याकाळी यीस्ट सोडलं, झाकणाला कुलूप लावलं आणि मामेबहिणीच्या लग्नाला गावी गेले. कुलपाची दुसरी किल्ली सरांकडे. पंखा टाकी आंबायला लागल्यावर लावतात. तो रविवारी सर लावणार होते."

"रविवारी संध्याकाळी टाकी कशी दिसायला हवी होती?"

"खदखदायला हवी होती. तोंडाशी उभं राहवत नाही."

"खदखदत होती?"

"मी परत आले तेव्हा सील लागलेलं होतं, मॅडम. मी आत पाहिलेलंच नाही."

बाईंनी जरा वेळ खिडकीतून टाकीकडे पाहिलं. "निवळी नुसती ठेवली तर किती टिकते?"

"उन्हाळ्यात? दुसऱ्या दिवशी वास मारते."

"हं. आणखी काही? इन्स्पेक्टरांना बिनमहत्त्वाचं वाटलेलं?"

वैष्णवीने ओठ चावला. "गेल्या महिन्यापासून बॅचेस मंद चालल्या होत्या. साखर पूर्ण उतरतच नव्हती. मला वाटलं माझं यीस्ट बिघडलं, म्हणून नवं मागवलं. सरांनी मला शब्दाने दुखवलं नाही. रविवारी दुपारी लग्नात त्यांचा फोन आला. बँड वाजत होता, नीट ऐकू येत नव्हतं. एवढंच म्हणाले, 'वैष्णवी, तुझं यीस्ट चांगलं आहे. चूक आपल्याकडे नाहीच. उद्या आलीस की सांगतो.'"

ते सांगायला दुसऱ्या दिवशी आमोद वैद्य उरला नव्हता.

३

मच्छिंद्र कामठे शेडबाहेर चिंचेखाली खुर्ची टाकून बसले होते. जागा त्यांची, आजूबाजूच्या निम्म्या इमारतींखालची जमीनही एके काळी त्यांचीच. शेड खाली करा म्हणून त्यांनी आमोदला नोटीस दिली होती, कारण एका बिल्डरला ती जागा हवी होती. ही गोष्ट त्यांनी स्वतःच सांगून टाकली.

"दडवून काय करायचं? समद्या गावाला ठावं हाय. पन नोटीस दिली म्हंजी मानूस मारला असं व्हतं का बाई?"

"नाही. नाहीतर पुण्यात भाडेकरू उरले नसते," दातारबाई म्हणाल्या. "त्या सकाळचं सांगा."

"म्या घरी व्हतो, पलीकडंच. डेअरीवाल्या नाईकरेंची हाक आली. धावत आलो तर ते शिडीच्या पायथ्याला बसल्यालं, डोळं पुसत. म्हनले, वर जाऊ नका, गॅस हाय, मला घेरी आली. आता आत मानूस पडलाय म्हनल्यावर म्या थांबतो का? चढलो. पार कमरंपातुर आत वाकलो, शर्टाला धरून वर वढायला लागलो. येकट्याला जमंना. अग्निशामकची गाडी येईस्तवर म्या त्याला तसाच धरून व्हतो."

"आणि तुम्हाला काय झालं?"

"कायबी न्हाई. हात भरून आलं."

"घेरी? नाकात झोंबलं?"

"न्हाई वो. पोलीस सायेब म्हनले तवर गॅस उडून गेला आसंल."

बाई खुर्चीतून उठल्या. जो वायू जड असल्यामुळे टाकीत साचून आमोदचा जीव घेतो, तो झाकण उघडं आहे म्हणून चटकन उडून जातो, हे त्यांना एकाच अहवालात लिहिता येण्यासारखं वाटेना.

"नाईकरे शिडी कशाला चढले होते, काही बोलले?"

"टँकर घिऊन आलं व्हतं. आमोद कुटं दिसंना म्हनून बघाया चढलो म्हनले." मच्छिंद्ररावांनी तंबाखूची डबी खिशात घातली. "पन बाई, येक सांगू? त्यांची गाडी म्या आदल्या दिशी सांजच्यालाबी हितं बघितली व्हती. टँकर न्हवं, त्यांची सोताची."

४

श्यामसुंदर नाईकऱ्यांची डेअरी बिबवेवाडीत, वर्दळीच्या चौकात होती. दुकानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ताजे दही, चक्का, पनीर. मागे पनीरचा कारखाना. नाईकरे पन्नाशीचे, पांढऱ्या सफारीतले, बोलायला मऊ. त्यांनी बाईंना पंख्याखाली बसवलं.

"आमोदसारखा माणूस मिळायचा नाही," ते म्हणाले. "माझं गटारात जाणारं पाणी त्याने सोन्याच्या मोलाचं केलं."

"आपण रविवारी शेडवर गेला होतात?"

"गेलो होतो ना. सोमवारच्या टँकरची वेळ ठरवायला. पाच मिनिटं उभ्या-उभ्या बोललो. तो अगदी मजेत होता. टाकी बघायला आता वर चढतो म्हणाला. त्याला थांबवलं असतं तर, असं राहून राहून वाटतं."

"आणि सोमवारी?"

"हाका मारल्या, उत्तर नाही. झाकण उघडं दिसलं म्हणून चढलो. वाकतो तर काय, सोड्याची बाटली फोडल्यावर नाकात जातं ना, तसा भपका. नाक झणझणलं, डोळ्यांतून पाणी, गरगरायला लागलं. खाली तो दिसत होता, पण हात घालायची ताकद राहिली नाही. कसाबसा उतरलो."

"फार स्पष्ट सांगता आपण," बाई म्हणाल्या. "बहुतेकांना इतकं नेमकं आठवत नाही."

निघताना त्यांनी सवयीने अर्धा किलो दही मागितलं. काउंटरवरच्या माणसाने मान हलवली. दही मिळणार नाही. चक्काही नाही.

"दही बंद केलं आम्ही," मागून नाईकरे म्हणाले. "उन्हाळ्यात पटकन आंबतं, गिऱ्हाईक तक्रार करतं. आता फक्त दूध आणि पनीर."

"मग दूध द्या."

घरी गेल्यावर बाईंनी ते दूध तापवलं, कोमट केलं आणि त्यात घरच्या दह्याचं चमचाभर विरजण लावलं. शेजारी दुसऱ्या भांड्यात नेहमीच्या गवळ्याचं दूध विरजलं. सकाळी गवळ्याच्या दुधाचं दही लागलं होतं. नाईकऱ्यांच्या भांड्यात दूध होतं. त्यांनी ते ओट्यावर तसंच राहू दिलं. संध्याकाळी घर भट्टीसारखं तापलेलं, फ्रीजबाहेरची कालची पोळीसुद्धा आंबूस झाली होती, आणि ते दूध मात्र दूधच होतं.

दातारबाईंनी उरलेलं दूध बाटलीत भरलं आणि ओळखीच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं. निकाल फोनवरच आला. दुधात फॉर्मॅलिन होतं. प्रयोगशाळेतल्या बरण्यांत मेलेले बेडूक ज्यात ठेवतात, ते.

मग त्यांनी इन्स्पेक्टर जगदाळ्यांना फोन केला. "सगळ्यांना शेडवर बोलवा. आणि वैष्णवीला अटक करायची असेल तर उद्या करा. आज तिच्याकडे काम आहे."

५

मच्छिंद्रराव भिंतीला टेकून उभे होते. नाईकरे खुर्चीत बसले होते. वैष्णवीने टाकीच्या तळाच्या तोटीतून काचेचं उंच भांडं भरून घेतलं आणि त्यात हायड्रोमीटर सोडला. ही काचेची तरंगणारी नळी. पाण्यात साखर असेल तर ती वर तरंगते, साखर संपली की खाली बुडते.

वैष्णवी खाली वाकली. मग तिने भांडं उचलून उजेडात धरलं आणि पुन्हा पाहिलं.

"शनिवारचाच आकडा आहे," ती हलकेच म्हणाली. "साखर जशीच्या तशी आहे. ही टाकी आंबलीच नाही."

"म्हणजे?" जगदाळ्यांनी विचारलं.

"म्हणजे यीस्टने काही खाल्लं नाही," दातारबाई म्हणाल्या. "आणि ज्याने खाल्लं नाही ते वायू कुठून सोडणार? रविवारी नाही, सोमवारी नाही, आजही नाही. या टाकीत वायू कधी नव्हताच. नाकाला रुमाल लावून मी पहिल्या दिवशी आत वाकले तेव्हाच मला हे खटकलं होतं. दुधाचं पाणी आठ दिवस उन्हात उभं आहे आणि साधं नासतही नाही. नासवणारे जीवही त्यात जगत नव्हते."

त्यांनी नाईकऱ्यांकडे पाहिलं. आवाज चढला नाही.

"त्या सकाळी दोन माणसं आत वाकली. कामठे कमरेपर्यंत आत होते, बराच वेळ. त्यांना काहीही झालं नाही. आपण नुसते डोकावलात आणि आपलं नाक झणझणलं."

"घाबरलो होतो हो," नाईकरे म्हणाले. "घाबरल्यावर गरगरतंच."

"गरगरतं. नाक झणझणत नाही. सोड्याच्या बाटलीसारखा भपका भीतीने येत नाही, वायूनेच येतो. वैष्णवी, यांनी आधी कधी चालू टाकी पाहिली होती?"

"हो," वैष्णवी म्हणाली. "हिवाळ्यात. सरांनीच वर नेऊन दाखवली होती. काका शिंकतच खाली आले होते."

"तो हिवाळ्यातला अनुभव आपण सोमवारचा म्हणून सांगितलात. टाकी आंबतेय अशी आपली खात्री होती, म्हणून. आणि ती आंबली नाही ती आपल्यामुळे. उन्हाळ्यात दूध नासायला लागलं, तेव्हा आपण त्यात औषध घालायला लागलात. तेव्हापासून आपल्या दुधाचं दही लागेना, म्हणून दही-चक्का बंद केलात. दूध नुसतं फाडून होतं ते पनीर तेवढं चालू राहिलं. त्या पनीरची निवळी इथे आली. आधी औषध थोडं होतं, यीस्ट नुसतं मलूल पडलं. या वेळी जास्त पडलं, यीस्ट मेलं. आमोदने रविवारी टाकी उघडली, नवं यीस्टही मेलेलं पाहिलं आणि त्याला सगळा उलगडा झाला. वैष्णवीचं काही चुकलेलं नाही हे त्याने तिला फोन करून कळवलं, आणि आपल्याला बोलावून घेतलं."

पत्र्यावर एक कावळा उतरला आणि उडून गेला.

"तुमच्या दुधात औषध आहे, अन्न-औषधवाल्यांकडे जातो, एवढंच म्हणाला. टाकीचं नावही काढलं नाही," नाईकरे म्हणाले. "मी विनवलं. म्हटलं उन्हाळा जाऊ दे, नवी शीतयंत्रं बसवतो. ऐकेना. लहान मुलं पितात म्हणाला. तरातरा शिडी चढला, नमुन्याची बाटली भरायला. मी मागोमाग चढलो, बाटली हिसकायला गेलो. तो झटापटीत मागे कोलमडला. डोकं कडेवर आदळलं आणि आत गेला."

"हात दिला नाहीत?" जगदाळ्यांनी विचारलं.

"वाटलं, आत गॅस आहे. गेलाच असेल. हात घालून मीही मरायचा." त्यांनी मान वर केली. "तो निपचित पडला होता साहेब. मला वाटलं, आता काढून काय उपयोग?"

"गॅस नव्हता," दातारबाई म्हणाल्या.

हे वाक्य त्यांनी आधीही उच्चारलं होतं, पण नाईकऱ्यांना ते आता ऐकू आलं. त्यांनी टाकीकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मच्छिंद्रराव भिंतीपासून सरळ झाले आणि बाहेर निघून गेले.

६

नाईकऱ्यांना पोलीस येरवड्याला घेऊन गेले. डेअरीला सील लागलं. बिबवेवाडीतल्या बायका काही दिवस दुधाकडे संशयाने पाहत राहिल्या, मग दुसऱ्या दुकानातून आणायला लागल्या. वैष्णवीवरचं बालंट टळलं. तिने टाकी रिकामी केली, वाफेने धुतली आणि नव्या डेअरीच्या शोधात फिरायला लागली. मच्छिंद्ररावांनी नोटीस मागे घेतली नाही, पण तिच्या मुदतीचा विषयही पुन्हा काढला नाही. बिल्डरने विचारलं तेव्हा, बघू, एवढंच म्हणाले.

दातारबाईंनी अहवाल लिहिला. तो द्यायचा होता कंपनीला, पण त्याआधी त्या स्वरालीकडे गेल्या. सगळं क्रमाने सांगितलं. सांगताना त्या कुठे थांबल्या नाहीत आणि त्यांनी कुठे आवाजही हळवा केला नाही. स्वराली ऐकत होती. तिच्यासमोरचा चहा निवून वर साय धरली.

"पोलिसांनी पहिल्यांदा सांगितलं होतं ना," ती म्हणाली, "की गॅसमुळे त्याला काही कळलंच नसेल, म्हणून. त्याच आधारावर मी आठवडाभर झोपू शकले."

बाईंनी आपला कप बाजूला सारला.

"आता तुम्ही म्हणता गॅस नव्हता. मग त्याला कळत होतं का? आत?"

डॉक्टरांच्या अहवालात डोक्याच्या जखमेबद्दल दोन ओळी होत्या. जखम खोल होती. बेशुद्धी आली असण्याची शक्यता होती. फुप्फुसांत निवळी होती. याहून जास्त कोणालाच माहीत नव्हतं, आणि कधी कळणारही नव्हतं.

"डोक्याला जबर मार होता," दातारबाई म्हणाल्या. "त्यांना काही कळलं नसणार."

स्वरालीने मान वर करून त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "नसणार? की नव्हतं?"

बाहेर शाळेची रिक्षा थांबली, मुलं उतरली, गेली.

"नव्हतं," दातारबाई म्हणाल्या, आणि पर्स उचलून उभ्या राहिल्या.